शेवटचं बरं कधी बघितलं?

आमच्या बेळगाव भागात पक्षाघाताला दोन-तीन नावे आहेत. मराठी घरांतून ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात, ‘लकवा मारला’ असेही म्हणतात. कन्नड घरांतून ‘लकवा होडीतु’ असे ऐकू येते, आणि दवाखान्यातल्या केस पेपरवर ‘सीव्हीए’ अशी तीन अक्षरे पडतात. ‘वारं गेलं’ असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की वारे आले, अंगावरून निघून गेले, जे व्हायचे ते होऊन गेले, आणि आता मागे उरलेल्या माणसाची सेवा तेवढी करायची. मी १९९७ साली परिचारिका म्हणून नोकरीला लागले. पुष्कळ वर्षे मेडिकल वॉर्डात काढल्यावर आता नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात उभे राहून शिकवते, आणि नोकरीची पहिली कितीतरी वर्षे मीही मनातून हेच धरून चालले होते, हे आधीच सांगून टाकते.

वारे गेलेले नसते. रुग्ण आपल्यासमोर खाटेवर येतो तेव्हा ते अजून वाहत असते. बहुतेक रुग्णांत मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, आणि काहींत वाहिनी फुटून आत रक्त सांडलेले असते. गुठळी अडकली की त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या भागाचा गाभा काही मिनिटांतच मरतो. पण त्याच्या भोवतीचा मोठा पट्टा लगेच मरत नाही. शेजारच्या वाहिन्यांतून झिरपून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर तो तगून असतो. त्याचे काम बंद पडलेले असते, म्हणून हात उचलत नाही आणि शब्द फुटत नाही, पण त्याचा जीव गेलेला नसतो. हा पट्टा मुलींना समजावताना मी घटप्रभेच्या कालव्याची गोष्ट सांगते. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत असते त्याला पाणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी मिळते. पीक सुकते, माना टाकते, पण दोन दिवसांत पाणी आले तर उभे राहते. त्या सुकलेल्या पण न मेलेल्या पिकासाठी पहिल्या काही तासांची सगळी धावपळ असते. जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली हिशेब मांडला होता की, मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा मी मुलींना सांगते, नातेवाइकांना कधीच सांगत नाही. जो माणूस बापाला टेम्पोत घालून खड्ड्यांच्या रस्त्याने दोन तास आला आहे, त्याला तो सांगून काय मिळवायचे?

एका पहाटेची गोष्ट मला फार जवळून आठवते. शहराच्या पश्चिमेकडच्या एका गावातून साठीच्या आतले एक शेतकरी आणले गेले. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, तोंड डावीकडे ओढलेले, शब्द नाही. बरोबर बायको, भाऊ आणि गाडी चालवणारा शेजारी. घड्याळात सात वाजायला दहा मिनिटे होती. भावाने सांगितले की, रात्री दहाला जेवून निजले, सकाळी उठले ते असेच. तेवढे ऐकून कागदावर ‘रात्री १०’ ही वेळ पडली असती, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच बाद झाले असते. कारण ते सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि सुरुवात कुणी पाहिलेली नसेल, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून वेळ मोजायची असते. कॅज्युअल्टीत त्या वेळी एक तरुण सिस्टर होती. तिने भावाला सोडले आणि बायकोला बाजूला घेऊन विचारले, “काकू, मधे रात्री उठले होते काय हो?”

“उठले की. तीनाला लाईट आली न्हवं, मोटर चालू कराय गेलते.”

“मग परत कवा आले?”

“चाराला आले. पाणी बारीत लावलंय म्हणाले, तांब्याभर पाणी प्याले आणि निजले. पावणेसहाला मी च्या घेऊन गेलो तर हात असा लुळा पडल्याला.”

आमच्याकडे थ्री-फेज लाईट पुष्कळदा रात्री-अपरात्री येते आणि उसाला पाणी पाजणारा माणूस तिच्या वेळेप्रमाणे उठतो, हे त्या मुलीला ठाऊक होते, कारण तिचे वडीलही तेच करतात. चार वाजता तो माणूस अंधारातून बांधावरून चालत घरी आला होता, नीट बोलला होता, स्वतःच्या हाताने तांब्या उचलून पाणी प्याला होता. म्हणजे साडेआठपर्यंत वेळ होता. सव्वासातला सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, आणि आठला दहा मिनिटे कमी असताना इंजेक्शन सुरू झाले. या उपचाराला आधार देणारी अमेरिकेतील चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती, ती २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर साडेचार तासांवर गेली. पण त्या पहाटे या सगळ्या संशोधनाचा उपयोग एका बाईला नीट विचारलेल्या एका प्रश्नावर टांगलेला होता. ‘कधी झालं?’ या प्रश्नाचे उत्तर घरच्यांकडे बहुधा चुकीचेच असते, कारण ते आपल्याला कळले ती वेळ सांगतात. ‘शेवटचं बरं कधी बघितलं?’ असे विचारावे लागते, आणि ते सुद्धा जो त्या घरात रात्री जागा असतो त्याला.

त्या इंजेक्शनची तयारी करणारे हात परिचारिकेचे असतात. अल्टेप्लेझ हे औषध किलोमागे ०.९ मिलिग्रॅम द्यायचे, एकूण ९० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. त्यातला दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेतून आणि उरलेला पंपावर तासाभरात. साठ किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, म्हणजे ५.४ आधी आणि ४८.६ नंतर. गणित सातवीतल्या मुलीला येईल असे आहे, पण मागे बायको रडत असताना आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत असताना ते करायचे असते. म्हणून वजन अंदाजाने धरू नये आणि हिशेब दोघींनी वेगवेगळा करून ताडून पाहावा, असे मी सांगत असते. पावडरमध्ये पाणी घातल्यावर बाटली जोरात हलवायची नसते, फेस होतो. हळूच तळहातांत फिरवायची. मूत्रनळी किंवा नाकातून नळी घालायचीच असेल तर ती औषधाच्या आधी, कारण नंतर जिथे टोचाल तिथून रक्त थांबत नाही.

आणि मग खरी नाइट सुरू होते, भले बाहेर ऊन असो. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, नंतर चोवीस तास भरेपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि शुद्ध तपासायची. मी एकदा मोजले: आठ, बारा आणि सोळा, अशा ३६ नोंदी होतात. रक्तदाब १८० आणि १०५ च्या खाली राहिला पाहिजे. ‘डोकं लई दुखूलालंय’ असे रुग्ण म्हणाला, ओकारी झाली, किंवा मघाशी बोलणारा आता पेंगू लागला, तर पंप थांबवून डॉक्टरांना हाक मारायची, कारण मेंदूत रक्तस्राव सुरू झाला असण्याची शक्यता असते. सदतिसावी नोंद करायची वेळ येते तेव्हा माणूस बहुधा धोक्याच्या एका उंबरठ्यावरून अलीकडे आलेला असतो. या ३६ नोंदी भरलेला कागद रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी फाइलमध्ये जातो आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. मला मात्र तो कागद फार मोलाचा वाटतो.

रक्तदाबाच्या बाबतीत आम्हाला शिकण्यापेक्षा विसरणे जड गेले. मी नवीन असताना पक्षाघाताचा रुग्ण आला आणि रक्तदाब २०० दिसला की, एका कॅप्सूलला सुईने टोचून ती जिभेखाली पिळायची, हे इतके अंगवळणी पडले होते की कधीकधी डॉक्टर येण्याआधीच आम्ही ते करून मोकळ्या होत असू. दहा-पंधरा मिनिटांत रक्तदाब धाडकन खाली यायचा, नातेवाइकांना आणि आम्हालाही बरे वाटायचे. त्या वाढलेल्या दाबावरच टेलचे पाणी चाललेले असते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मुख्य कालव्यातला दाब एकदम उतरवला तर टेलवरचे पीक सर्वांत आधी जाते. गुठळीचा पक्षाघात असेल आणि विरघळवणारे औषध द्यायचे नसेल, तर पहिल्या दिवशी साधारण २२० आणि १२० पर्यंतचा रक्तदाब, दुसरे काही कारण नसल्यास, तसाच राहू देतात. रक्तस्रावाच्या रुग्णाचे गणित वेगळे असते, तिथे दाब उतरवावा लागतो, पण तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मोजूनमापून, शिरेतल्या औषधाने. म्हणून स्कॅनच्या आधी काय चालले आहे हे माहीत नसताना हात आवरता येणे, हेही परिचारिकेचे ज्ञानच आहे. नव्या मुलींना ती कॅप्सूल माहीत नाही, याचा मला मनापासून आनंद होतो.

साखरेचे मी थोडक्यात सांगते, कारण ते सोपे आहे आणि तरीही राहून जाते. आषाढी एकादशीच्या दिवशी एका भजनी मंडळातले गृहस्थ आणले, डावा हात पडलेला, बोलणे जड. सगळे सीटी स्कॅनच्या गडबडीत. बोटाला सुई टोचली, तर शुगर ३८. मधुमेहाची गोळी सकाळी नेमाने घेतली होती आणि उपास मोडायचा नाही म्हणून पोटात काही नव्हते. पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोज शिरेतून गेल्यावर दहा मिनिटांत त्यांनी डावा हात उचलून डोक्यावरची टोपी सारखी केली. पक्षाघाताचे सोंग घेणारी ही गोष्ट ग्लुकोमीटरच्या एका थेंबाने उघडी पडते, म्हणून अंगावरून वारे गेले म्हणून आणलेल्या प्रत्येकाची शुगर दारातच पाहायची.

आता पाण्याविषयी. या लेखात मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच्याविषयी.

आपल्याकडे माणूस पडला की पहिला धर्म म्हणजे त्याला पाणी देणे. ओठ सुकलेले दिसतात, घशाला कोरड पडलेली असते, तो हाताने खूण करतो, आणि समोर उभ्या असलेल्या लेकीच्या हातात तांब्या असतो. तिला ‘पाणी देऊ नका’ म्हणणारी परिचारिका ही दगडाच्या काळजाची वाटते. पण पक्षाघाताने जसा हात लुळा होतो तसा घसाही होतो. गिळण्याची क्रिया आपण विचार न करता करतो, पण तिच्यात श्वासनलिकेचे झाकण अगदी वेळेवर मिटावे लागते. ते उशिरा मिटले की पाणी, चहा, पेज, काहीही असो, फुफ्फुसात उतरते. काहींना ठसका लागतो, मग निदान कळते तरी. काहींना ठसकाही लागत नाही. ते शांतपणे पाणी पितात, समाधानाने मान हलवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढून छाती घरघरू लागते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री मी दोन जणींतली एक होते, वॉर्ड भरलेला होता. सत्तरीचे एक आजोबा आदल्या दिवशी दाखल झाले होते, डावी बाजू गेलेली, शुद्ध चांगली, बोलत होते. पहाटे त्यांची लेक माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “बाई, आप्पा च्या मागूलालेत. दोन घोट देऊ?” मी औषधाची ट्रॉली ढकलत होते. मी मान वर न करता म्हटले, “द्या की, थोडा थोडा द्या.” तिने थर्मासमधून बशीत चहा ओतला, फुंकून गार केला आणि चमच्याने पाजला. मी ते येता-जाता पाहिले. एक चमचा गेल्यावर त्यांचा आवाज बदलला होता, नरड्यात पाणी साचल्यावर व्हावा तसा ओला. आजोबा ‘बास’ म्हणाले आणि तो ‘बास’ तसा ओला होता. मला तो ऐकू आला. त्याचा अर्थ मला कळला नाही, कारण गिळण्याची परीक्षा नावाची गोष्ट असते हे तोवर मला शिकवले गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. आठवड्याच्या आत ते गेले. केस पेपरवर न्यूमोनिया लिहिला गेला, आणि पक्षाघातात असे होते म्हणून सर्वांनी ते स्वीकारले. लेकीने जाताना माझे हात धरून आभार मानले. त्या चहानेच ते घडले असे मी शपथेवर सांगू शकत नाही; वयही होते, खाटेवर पडून राहणेही होते. पण तो ओला आवाज मी आजही ओळखीन, आणि मी तो ऐकूनही ट्रॉली पुढे ढकलली, हे मी पुष्कळ वर्षे कुणाला सांगितले नव्हते.

म्हणून मी मुलींना एक स्टीलचा चमचा आणि पाण्याची वाटी घेऊन शिकवते. आधी रुग्ण जागा आहे का, नीट टेकून बसवता येतो का, हे पाहायचे. पेंगणाऱ्याला काहीच द्यायचे नाही. मग ‘आ’ म्हणायला लावून आवाज ऐकून ठेवायचा. खोकता येतो का, लाळ ओघळते का ते बघायचे. मग एक चमचा पाणी, आणि चार बोटे गळ्यावर हलकेच ठेवून घाटी वर सरकते का ते पाहायचे. पुन्हा ‘आ’. आवाज ओला झाला, ठसका लागला, श्वास लागला, तर तिथेच थांबायचे, खाटेला ‘तोंडाने काही नाही’ असा फलक लावायचा आणि डॉक्टरांना कळवायचे. तीन चमचे नीट गेले तरच पेल्याने थोडे. ही परीक्षा पहिल्या गोळीच्याही आधी व्हायला हवी, कारण ‘पाणी देऊ नका’ म्हणून बजावणारे आपणच नंतर घोटभर पाण्याबरोबर गोळ्या देतो. आणि ज्याला पाणी नाकारले त्याचे तोंड दर दोन-तीन तासांनी ओल्या गॉजने पुसायचे, ओठांना तूप लावायचे, आणि लेकीला ते करायला शिकवायचे. तिला हातांनी काहीतरी करायचे असते. ते तिच्याकडून काढून घेतले, तर ती आपली पाठ वळताच तांब्या उचलते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

या साध्या कामांना किती वजन आहे हे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने दाखवून दिले. प्राध्यापक सँडी मिडलटन या स्वतः परिचारिका. त्यांच्या पुढाकाराने न्यू साउथ वेल्समधील १९ स्ट्रोक युनिटांत ताप, साखर आणि गिळणे या तीनच गोष्टींची शिस्त काही युनिटांतील परिचारिकांच्या हाती दिली गेली आणि बाकीच्या युनिटांत नेहमीप्रमाणे चालू ठेवले गेले. पहिले तीन दिवस ठरावीक वेळाने ताप पाहायचा, ३७.५ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर ९९.५ ला, पॅरासिटामॉल द्यायचे. साखर वाढली तर उतरवायची. गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही नाही. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. नव्वद दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या युनिटांत ५८ टक्के होते, ते या युनिटांत ४२ टक्के होते. त्यात कुठले नवे यंत्र नव्हते. मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या आजोबांची बशी माझ्या डोळ्यांसमोर आली.

पण त्या अभ्यासातली जी गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे ती वेगळीच आहे. तिथे परिचारिकेला ही कामे स्वतःहून सुरू करण्याची मुभा होती. आपल्याकडे ९९.५ चा ताप दिसला तर नवी मुलगी तो तक्त्यात लिहिते आणि डॉक्टरांच्या राउंडची वाट बघते. तिला माहीत नसते असे नाही. मी परीक्षेत विचारते तेव्हा ती सगळे अचूक सांगते. मात्र वॉर्डात तिच्या अंगी दुसरेही एक शिक्षण मुरलेले असते: आधी विचार, मग कर; विचारल्याशिवाय केलेस आणि चुकलीस, तर तुझे तू निस्तर. परिचारिकांच्या ज्ञानाची पाहणी करणाऱ्यांनी प्रश्नावली जरूर भरून घ्यावी, पण तिच्या शेवटी एक प्रश्न असा घालावा: हे तुम्हाला कुणाला न विचारता करता येते का? ज्या रुग्णालयाने आधीच लेखी ठरवून दिले आहे की पक्षाघाताचा रुग्ण दारात आला की सिस्टर स्वतः शुगर बघेल, स्कॅनच्या खोलीला फोन करेल, तोंडाने देणे थांबवेल आणि ताप आला तर ठरलेली गोळी ठरलेल्या मार्गाने देईल, तिथे तीच मुलगी वेगळी वागते. मी दोन्ही प्रकारच्या ठिकाणी तीच मुलगी पाहिलेली आहे.

माहीत असूनही ते हातून न होण्याचे दुसरे कारण संख्येचे. ३६ नोंदींचा रुग्ण ज्या सिस्टरकडे आहे तिच्याकडे आणखी चौदा खाटा असतील, तर पंधरा मिनिटांची नोंद चाळिसाव्या मिनिटाला होते, आणि मग मागचे दोन रकाने अंदाजाने भरले जातात. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते घडते. शिवाय पक्षाघाताची कामे शिकून जरा हात बसला की बाईंची बदली प्रसूतीच्या वॉर्डात होते. स्ट्रोक युनिटाचा फायदा होतो त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथली माणसे रोज तेच काम करतात, हे बदलीचा तक्ता करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

आमच्या भागात रुग्ण कुठून कुठून येतो तेही पाहिले पाहिजे. शिनोळीपासून महाराष्ट्र सुरू होतो, पण चंदगड तालुक्यातल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलातल्या वाडीवरून पावसाळ्यात निघालेली गाडी खानापूरला कधी पोचेल ते सांगता येत नाही. वाटेत आधी गावातला डॉक्टर, मग सलाईन, मग तालुका, मग शहर, आणि कधी त्याच्याही आधी लकव्याचे औषध देणारा कुणी. एका आजोबांच्या दंडावर वाळलेले रक्त पाहून मी जखम शोधू लागले, तर मुलगा म्हणाला, “पारव्याचं आहे.” त्यांना त्या उपायावर पूर्ण विश्वास होता. मी ते कोमट पाण्याने पुसून काढले आणि काही बोलले नाही. साडेचार तास तोवर उलटून गेले होते. आता मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीच्या धमनीतून तार नेऊन ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही काढतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणाला परत पाठवू नये. पण सीटी स्कॅन जिथे आहे तिथे थेट न्या, १०८ ला फोन करा, हे मी गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगत असते.

राहिली भाषा. वाद म्हणून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी खाटेपाशी जे पाहिले तेवढे सांगते.

खानापूर तालुक्यातल्या एका आज्जी आदल्या संध्याकाळी दाखल झाल्या होत्या. सकाळी हँडओव्हर घेताना तक्त्यावर दिसले की, शुद्धीचा आकडा रात्रीतून खाली आलेला आहे. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली दिलेली ती मोजणी. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून १५ पैकी. आज्जी सांगितलेले ऐकत नाहीत असे लिहिले होते, म्हणून हालचालीचा गुण कमी. आकडा खाली येणे म्हणजे मेंदूला सूज, नवा रक्तस्राव, पुन्हा स्कॅन. रात्रपाळीची सिस्टर विजयपूरकडची, कामाला अतिशय चोख. ती आज्जींच्या कानापाशी वाकून म्हणत होती, “अज्जी, कै एत्त्री. कै एत्त्री.” आज्जी तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटले, “आज्जी, हात वर करा बघू.” आज्जींनी डावा हात वर केला आणि खाली ठेवायला विसरल्या, तसाच धरून राहिल्या.

आदल्या संध्याकाळची सिस्टर मराठी होती, म्हणून तेव्हाचा आकडा चांगला होता. आज्जींच्या मेंदूत रात्रीतून काहीच बिघडले नव्हते. तो आकडा विचारणाराची भाषा मोजत होता. आणि याच्या उलट घडले असेल तर? मी स्वतः किती कन्नड आजोबांना घाईत मराठीत हात उचलायला सांगितले असेल आणि ‘ऐकत नाहीत’ असे लिहिले असेल? किंवा त्याहून वाईट, वाचा खरोखर गेलेली असताना ‘भाषा कळत नसेल’ म्हणून सोडून दिले असेल? पक्षाघातात कधी शब्द बाहेर पडत नाहीत पण कळते सगळे, कधी बोलणे भरभर चालते पण त्यात अर्थ नसतो आणि आपले सांगितलेले पोचत नाही. आमच्याकडची माणसे दोन-तीन भाषांत जगतात, आणि एखाद्याची घरची भाषा आधी परत येते तर दुसऱ्याची बाजारातली. म्हणून दाखल करतानाच विचारून ठेवावे लागते की, हे घरात कशात बोलतात, आणि ते केस पेपरच्या पहिल्या पानावर, ॲलर्जीच्या शेजारी लिहावे लागते.

त्या सकाळनंतर आम्ही दोघींनी मिळून एक पुठ्ठा केला. डोळे मिटा, कण्ण मुच्चरी. हात वर करा, कै एत्त्री. जीभ दाखवा, नालिगी तोरसरी. तिसऱ्या रकान्यात हिंदी. कन्नड तिने सांगितले, अक्षर माझे. विजयपूरच्या त्या सिस्टरने मराठीतले दहाही हुकूम एका पाळीत पाठ केले आणि ‘मिटा’ व ‘उघडा’ यांतला गोंधळ तेवढा दोन दिवस राहिला. पुठ्ठा आता पिवळा पडला आहे, कोपरा फाटला होता तो चिकटपट्टीने जोडला आहे. गेल्या महिन्यात वॉर्डात मुलींना घेऊन गेले तेव्हा पाहिले तर उजव्या कडेला पेन्सिलीने चौथा रकाना आखलेला, आणि त्यात बारीक अक्षरात कोंकणी. लोंढ्याकडच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते, तिच्या आजीसाठी म्हणाली, आजी अजून धडधाकट आहे पण असू दे. त्यातल्या एका शब्दाचा उच्चार मला नीट जमेना. मी तिच्याकडून तो तीनदा म्हणून घेतला आणि वहीत उतरवून घेतला.